मदत हवी: गणपतीत पडवीत दाखवायला एपिसोड सुचवा

देवगडात गणपतीत आरती-भजन आटोपल्यावर पडवीत प्रोजेक्टर लावायचा आहे. वर पत्रा. पाऊस धरला की हळू बोललेलं काहीच ऐकू येत नाही, म्हणून 'किल्ला' हा सिनेमा बाद, चित्रण कितीही देखणं असलं तरी. 'श्वास' सिनेमाचा शेवट पोराटोरांना जड जाईल.

सगळ्यांना हवंय 'रात्रीस खेळ चाले' या भुताच्या मालिकेचं पहिलं पर्व (2016). पण गणपतीपुढची ट्यूब बंद करता येत नाही, त्या उजेडात अंधारातले प्रसंग पडद्यावर नुसते राखाडी दिसतात. भिंत पांढरी केली तरी काळा रंग काळा उमटत नाही.

तर दिवसाउजेडी घडणारे, त्यातल्या पांडूच्या गमतीचे, मागचं-पुढचं न बघताही कळतील असे दोन-तीन एपिसोड कुठले? क्रमांक द्या. भुतं कमी असली तरी चालतील.