चॉक्टॉ फ्रीडमन आणि डॉज नोंदवह्या

काहीजण म्हणतात की अमेरिकेतली चॉक्टॉ ही मूलनिवासी जमात आणि कृष्णवर्णीय दोघंही गोऱ्यांच्या अन्यायाचे बळी, म्हणून त्यांच्यात बंधुभावच असणार. इतकं सरळ नाहीये हो ते. १८३० च्या तहानंतर चॉक्टॉंना मिसिसिपीतून हुसकावलं, तेव्हा त्यांच्यातल्या सधन कुटुंबांनी आपले कृष्णवर्णीय गुलाम सोबत नेले. म्हणजे ती जीवघेणी वाट या गुलामांनीही तुडवली, हे आपण विसरतोच. १८६६ च्या तहाने गुलामी संपली, पण या मुक्त झालेल्या गुलामांना, म्हणजे 'फ्रीडमन'ना, चॉक्टॉ राष्ट्राचं नागरिकत्व मिळायला १८८५ उजाडलं.

खरी मेख डॉज आयोगाच्या, म्हणजे जमीनवाटपासाठी जमातीच्या सदस्यांच्या याद्या करणाऱ्या अमेरिकी सरकारी आयोगाच्या, नोंदवह्यांत आहे. बाप चॉक्टॉ, आई पूर्वीची गुलाम, असं मूल समोर आलं की कारकून त्याला 'रक्ताने चॉक्टॉ' या यादीऐवजी बहुधा सरळ 'फ्रीडमन' यादीत टाकायचा. बापाचं रक्त कागदावर उमटायचंच नाही. जमीनवाटपातही तोच भेद: रक्ताच्या यादीतल्याला साधारण ३२० एकर, फ्रीडमनला ४०. आणि १९८३ च्या चॉक्टॉ घटनेने सदस्यत्व त्याच रक्ताच्या यादीला बांधलं. ज्यांचे पणजोबा चॉक्टॉ बोलत, चॉक्टॉ जेवण रांधत, ते आज बाहेर आहेत. मला हे फार अन्यायाचं वाटतं. शेजारच्या चेरोकी जमातीच्या फ्रीडमननी मात्र २०१७ मध्ये कोर्टात सदस्यत्वाचा हाच हक्क मिळवला.