मियाजिमा: तोरी (देवळासमोरची लाकडी कमान) पाण्यात बघायची आणि पायथ्याशीही जायचं, एका दिवसात जमेल का?

भटक्या_८२: नोव्हेंबरमध्ये हिरोशिमात मुक्काम आहे, मियाजिमा बेटासाठी एकच दिवस. इत्सुकुशिमा देवळासमोरची तोरी भरतीतही बघायची आहे, ओहोटीतही. सोबत आई, गुडघे दुखतात, अंडंही चालत नाही.

कोकणी_खलाशी: भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर, त्यामुळे दिवस पुरतो. प्रश्न तिथीचा आहे. पाणी 250 सेंटीमीटरच्या वर चढलं की तोरी तरंगल्यासारखी दिसते, 100 च्या खाली उतरलं की चालत जाता येतं. ही दोन्ही टोकं उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) मिळतात. भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला) पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्यातही हिवाळ्याकडे खोल ओहोटी रात्री येते, दिवसाची तेवढी उतरत नाही. तेव्हा हॉटेल बुक करायच्या आधी बेटाच्या पर्यटन संघाचं भरतीचं कोष्टक बघा.

रेल्वेवेडा: हिरोशिमाहून जेआर (जपान रेल्वे) च्या सान्यो लाईनने मियाजिमागुची स्टेशन, अर्ध्या तासाच्या आत. ट्रामने जाऊ नका, तासाच्या वर जातो. पुढे फेरी, 10 मिनिटं. जेआरची फेरी दिवसा बेटाकडे जाताना तोरीजवळून वळते. उजव्या कठड्याला उभे राहा. जेआर पास चालतो, पण 100 येनचा प्रवेशकर (ऑक्टोबर 2023 पासून) वेगळा भरावा लागतो. मिसेन डोंगर आईंसाठी सोडा: रोपवे उतरल्यावरही माथा अर्ध्या तासाच्या चढ-उतारावर आहे. आणि तिकीट खिशात ठेवा, बेटावर मोकळी फिरणारी हरणं हातातला कागद खातात.

मिताहारी: खाण्याचं बघून ठेवा. मोमिजी मांजूच्या (इथला पानाच्या आकाराचा गोड केक) पिठात अंडं असतं, आणि नुसत्या भाज्यांच्या उदोनचं (जाड नूडल्स) पाणीसुद्धा बहुतेक वेळा सुक्या माशाचं. डबा न्यावा हे बरं, फक्त हरणांसमोर उघडू नका.

कोकणी_खलाशी: पायथ्याशी गेलात तर खांब नीट बघा. सध्याची तोरी 1875 ची, मुख्य खांब कापराच्या झाडाचे. ते जमिनीत पुरलेले नाहीत. सगळा डोलारा स्वतःच्या वजनावर उभा आहे, आणि वजन वाढावं म्हणून वरच्या पोकळ तुळईत दगड भरलेत. खांबाच्या भेगांत नाणी खोचू नका, लाकूड खराब होतं. देवळाच्या ओसरीच्या फळ्यांमधल्या फटीही मुद्दाम ठेवलेल्या: उधाणाचं पाणी त्यातून वर येतं, फळी उचकटत नाही.

देवळातून बाहेर पडल्यावर लगेच दाइगान-जी हे बौद्ध मंदिर आहे. तिथली बेन्झाइतेन देवी म्हणजे आपली सरस्वती, आईंना तिथे न्याच.

भटक्या_८२: कोष्टक बघितलं. पौर्णिमेच्या आसपासचे दोन दिवस धरतोय.