लिफ्टचं दार आणि चौथ्या मजल्याचा डबा

दादरमधल्या एका सोसायटीचा मेसेज ग्रुप. मंगळवार, सकाळ

कुलकर्णीकाकू २०१: काल रात्री पावणेबाराला आमची बेल वाजली. दारात हेल्मेट घातलेला मुलगा, हातात पिशवी, म्हणे "मॅडम, फोर झीरो टू?" मी म्हटलं, बाबा रे, इथे दोनशे एक लिहिलंय. ह्यांची झोप उडाली ती उडालीच. गोळी घेऊन झोपतात ते. महिन्याभरात ही पाचवी वेळ. ज्यांनी समजायचं त्यांनी समजावं.

कुलकर्णीकाकू २०१: आणि जाताना चौथ्यावर लिफ्ट उघडी टाकून तो जिन्याने पळाला.

प्रधानकाका ३०१: लिफ्टचं जाळीचं दार पूर्ण ओढावे. खटका बसल्याचा आवाज ऐकूनच पुढे जावे. दार उघडे राहिल्यास लिफ्ट जागची हलत नाही. कृपया.

वैद्यवहिनी ३०३: काकू, तुमची झोप गेली, आमच्याकडे त्याहून वाईट झालं. बाबा पार्कात फेरी मारून पावणेसातला आले. लिफ्ट चौथ्यावर, बटण दाबून उपयोग नाही. वॉचमन पंपापाशी गेलेला. मी खाली बघायला निघाले तर बाबा दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेले, कठडा धरून, घामाने शर्ट भिजलेला. गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून दोन महिने झालेले नाहीत हो.

सावंत सेक्रेटरी: सुप्रभात. घडलेला प्रकार गंभीर आहे. वैद्य आजोबांची तब्येत आता कशी आहे? सर्व सभासदांना विनंती की चर्चा सौजन्याने व्हावी.

वैद्यवहिनी ३०३: बरे आहेत. चहा घेतला, शेकायची पिशवी लावलीय.

कुलकर्णीकाकू २०१: परांजप्यांच्या वेळी असं कधी झालं नाही. पंचेचाळीस वर्षं राहिले वर. आवाज म्हणून नाही.

निखिल १०३: काकू, परांजपेकाका सकाळी साडेपाचला पेटी घेऊन बसायचे. आवाज नाही कसा?

कुलकर्णीकाकू २०१: ते गाणं होतं निखिल.

नेहा ४०२: नमस्कार सगळ्यांना. आत्ता वाचलं, मेट्रोत आहे. सगळ्यात आधी आजोबांची माफी मागते. वहिनी, संध्याकाळी येऊन भेटले तर चालेल ना? काकू, तुमचीही माफी. पार्सलवर मी रोज पत्ता नीट लिहिते, पण लिफ्ट दुसऱ्यावर थांबली की ते लोक तिथलीच बेल दाबतात. ऑर्डर आमचीच होती, तेव्हा चूक आमचीच.

नेहा ४०२: फक्त एक सांगते. आमच्या पाइपच्या गॅसचं नाव अजून बदलून झालेलं नाही. स्वयंपाकघरात एक इंडक्शन आणि सतरा खोकी आहेत. मी बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑफिसातून घरी येते तेव्हा सव्वादहा झालेले असतात, हा त्याच्याही नंतर येतो. तोवर खाली बहुतेक सगळं आवरत आलेलं असतं. म्हणून बाहेरून मागवतो. आवडीने नाही.

प्रधानकाका ३०१: लिफ्टचं जाळीचं दार पूर्ण ओढावे. खटका बसल्याचा आवाज ऐकूनच पुढे जावे.

कुलकर्णीकाकू २०१: मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. पण दादरमध्ये राहायला येऊन रोज डब्यातलं गार जेवण मागवायचं म्हणजे कमाल आहे. लोक कुठून कुठून गाडी करून इथे जेवायला येतात.

निखिल १०३: हे मात्र काकू शंभर टक्के. नेहा, लिहून घे. सकाळी मामा काणेंकडे बटाटेवडा, १९१० पासूनचं दुकान आहे, स्टेशनवरून येताना. दुपारी तांबे आरोग्य भुवन. मिसळ नि थालीपीठ आस्वाद, शिवसेना भवनासमोर. साबुदाणा वडा नि पियूष खायचं तर प्रकाश, आणि तिथे लवकर जा. वडापाव कीर्ती कॉलेजच्या गल्लीत, चुरा मागून घ्यायचा, न मागता कमी देतात.

नेहा ४०२: चुरा म्हणजे?

निखिल १०३: तळताना कढईत बेसनाचे थेंब सुटतात ना, ते कुरकुरीत झारून काढतात. पावात वड्याबरोबर दाबून देतात. तू दादरमध्ये राहतेस आणि चुरा माहीत नाही?

नेहा ४०२: मी ठाण्याची आहे. आम्ही मिसळीवर वाढलो.

निखिल १०३: आस्वादची खाऊन बघ मग.

नेहा ४०२: खाल्ली. छान आहे, पण गोडसर आहे. मामलेदारची तर्री एकदा खाल्ली की ही मिसळ वाटत नाही, उसळ वाटते.

निखिल १०३: सावंतकाका, हिची शेअर ट्रान्सफर थांबवा.

डिसोझा आंटी १०१: हाहाहा. नेहा, तू मासे खाते काय? खाते तर आर. के. वैद्य रोडला सिंधुदुर्ग हाय. तिसऱ्या नि सोलकढी. मासे विकत घ्यायचे तर गोपी टँक मार्केट, रविवारी मी जाते, तुला घेऊन जाईन. कोळीण माझ्या ओळखीची हाय, कालचा माल दाखवणार नाय.

कुलकर्णीकाकू २०१: विषय मिसळीचा नाही.

प्रधानकाका ३०१: विषय लिफ्टचा आहे. वर वाचावे.

सावंत सेक्रेटरी: बरोबर. माझा प्रस्ताव असा की रात्री दहानंतर पार्सल गेटवरच घ्यावे, डिलिव्हरीवाल्यांना वर सोडू नये. वॉचमनला तशी सूचना देतो.

वैद्यवहिनी ३०३: हे पटतं.

निखिल १०३: सगळ्यांना सारखं ना काका? मग २०१ ला पण सांगा. शनिवारी रात्री बाराला पिझ्झा आला होता, वॉचमनने मला विचारलं कुठला मजला. अथर्वने घेतला.

कुलकर्णीकाकू २०१: तो परीक्षेचा अभ्यास करत होता. रोज नाही मागवत.

निखिल १०३: लिफ्टचं दार त्याने ओढलं असेल अशी आशा.

कुलकर्णीकाकू २०१: निखिल, तू लहान असताना माझ्याकडे डबा घेऊन यायचास, आई ऑफिसातून यायला उशीर झाला की. तेव्हा मी कोणाला मेसेज टाकला नव्हता.

निखिल १०३: काकू, ते विसरलो नाही. तुमच्या आमटीची चव अजून जिभेवर आहे. सॉरी.

मंगळवार, दुपार

वैद्य आजोबा ३०३: सुनेच्या फोनवरून बोलून टाइप करतो आहे, चुका पदरात घ्या. मला काही झालेलं नाही. मी दमलो म्हणून बसलो. त्या मुलीला उगाच बोल लावू नका. थोडं सांगतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, दाटीवाटीच्या चाळींत माणसं पटापट गेली. मग १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्यांनी दादर माटुंग्याचा भाग आखला. रुंद रस्ते, मोकळी हवा, ठरावीक उंचीच्या इमारती. म्हणजे आपण सगळे इथे बाहेरूनच राहायला आलेले. आपलं पार्क १९२५ साली लोकांना खुलं झालं, तेव्हा त्याला माहीम पार्क म्हणत. शिवाजी पार्क हे नाव १९२७ चं.

वैद्य आजोबा ३०३: माझे वडील रत्नागिरीहून एकटे आले. खोलीत स्टोव्हसुद्धा नव्हता. दोन्ही वेळ खाणावळीत जेवत. महिन्याचे पैसे आधी भरायचे, पाटावर बसायचं, आमटी भात पोळी भाजी, रविवारी एक वेळ गोड. गावी जायचं असेल तर आदल्या दिवशी मालकाला सांगायचं, तो वहीत खाडा मांडायचा आणि तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते करायचा. आई लग्न होऊन आली तेव्हा त्या मालकाने तिला मिसळणाचा डबा भेट दिला. तो अजून आमच्याकडे आहे. ही सगळी उपाहारगृहं चूल नसलेल्या माणसांसाठीच निघाली. चौथ्या मजल्यावरच्या मुलीकडे आज चूल नाही, एवढंच.

देशपांडेआजी १०२: वैद्य, छान सांगितलंत.

डिसोझा आंटी १०१: डब्याचा फोटो टाका ना.

वैद्यवहिनी ३०३: (फोटो)

निखिल १०३: पितळेचा आहे! वाट्यांवर नाव कोरलंय का ते?

वैद्यवहिनी ३०३: हो, आजेसासूबाईंचं. लग्नाची तारीख पण आहे. हळदीची वाटी आतून अजून पिवळीच आहे, चिंच लावून घासली तरी जात नाही.

प्रधानकाका ३०१: छान. लिफ्टचं जाळीचं दार पूर्ण ओढावे. खटका बसल्याचा आवाज ऐकूनच पुढे जावे. दार उघडे राहिल्यास लिफ्ट जागची हलत नाही.

देशपांडेआजी १०२: नेहा, माझ्याकडे संध्याकाळी पाचला सुमन येते पोळ्यांना. मी एकटी, दोन पोळ्या खाते. तिला आठ जास्त लाटायला सांगते. एक भाजी आणि आमटी मी करतेच. कुकर एवढासा लावायचा म्हणजे जिवावर येतं ग, चार माणसांचं करायची सवय हाताला. डबा तुझ्या कडीला अडकवायला लावीन.

नेहा ४०२: आजी, खरंच? पण मी पैसे देणार. नाहीतर नको.

देशपांडेआजी १०२: सुमनच्या पोळ्यांचे तिला दे. भाजी आमटीचे मी घेणार नाही.

सावंत सेक्रेटरी: आजी, चांगली कल्पना आहे. फक्त नोंद म्हणून विचारतो, हा व्यवसाय होत नाही ना? साठेसरांच्या क्लासच्या वेळी आपण ठराव केला होता.

साठेसर ४०१: तो ठराव माझ्या क्लासपुरता झाला होता. सहा मुलं यायची, चपला ओळीने काढून. त्याला व्यवसाय म्हटलं होतंत. आज पोळ्या चालतात. हरकत नाही, मला आनंदच आहे. फक्त लक्षात आणून देतो.

सावंत सेक्रेटरी: साठेसर, गैरसमज नको. तो विषय सर्वसाधारण सभेत.

साठेसर ४०१: चार सर्वसाधारण सभा झाल्या.

कुलकर्णीकाकू २०१: आता आजींनी मुलीला जेवायला घालायचं तर त्याला ठराव लागतो का? सावंत, पुरे करा.

निखिल १०३: काकूंनी मन जिंकलं.

कुलकर्णीकाकू २०१: नेहा, तुझं दहानंतरचं मला माहीत नव्हतं. मला वाटलं नव्या लोकांना ओट्याशी उभं राहायचा कंटाळा. सव्वादहाला घरी आलेल्या बाईने काय करायचं, हे मी वीस वर्षं बँकेत काढली तरी विसरले.

नेहा ४०२: काकू, घोडबंदरला होतो तेव्हा मी अकराला पोचायचे. इथे धारावी, शितलादेवी, दादर, तिसऱ्या स्टेशनला उतरते. हा वाचलेला वेळ कुठे जातो ते अजून मला कळत नाहीये. पण परवा उतरून गोखले रोडवर चालत येत होते, फुलवाल्याकडे मोगऱ्याचे गजरे उरलेले, त्याने दोन दिले, एकाचे पैसे घेतले. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की बरं केलं आलो.

डिसोझा आंटी १०१: आणि पाण्याचं कोणी सांगितलं काय तिला? पहाटे येतं, टाकी भरली की बंद. पाहुणे येणार तर बादल्या भरून ठेव.

नेहा ४०२: नाही! म्हणून गेल्या रविवारी सासूबाई डोक्याला शिकेकाई लावून बसल्या होत्या.

डिसोझा आंटी १०१: अरे देवा. मला सांगायचं ना, बादली दिली असती.

प्रधानकाका ३०१: लिफ्टच्या दाराला आपोआप लागणारी स्प्रिंग बसते. मी २०१९ पासून सांगतो आहे. वैद्य आजोबा जिन्यात बसले तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो, पाणी मी आणून दिलं. त्यांचा हात थरथरत होता. म्हणून परत परत टाकतो. कंटाळा आला असेल तर क्षमस्व.

वैद्यवहिनी ३०३: प्रधानकाका, तुम्ही होतात म्हणून बाबा वर आले. मगाशी लिहायचं राहिलं माझं.

साठेसर ४०१: स्प्रिंगला माझा पाठिंबा. लेखी द्यायचा असेल तर देतो.

सावंत सेक्रेटरी: लिफ्टवाल्याशी बोललो. शनिवारी सकाळी येतो आहे. खर्च दुरुस्ती निधीतून करू, हरकत असल्यास आजच कळवावे. तोपर्यंत रात्री दहानंतर पार्सल गेटवर, सर्व मजल्यांसाठी सारखे.

कुलकर्णीकाकू २०१: अथर्वलाही सांगितलं आहे.

मंगळवार, रात्र

नेहा ४०२: आजी, डबा मिळाला. टॉवेलमध्ये गुंडाळलेला होता, आमटी अजून गरम होती. वाल कोणी सोलले?

देशपांडेआजी १०२: मीच. दुपारभर दुसरं काय करते. आवडले का?

नेहा ४०२: आई घरी करायची तशी डाळिंबी. खोक्यावर पेपर पसरून जेवलो दोघं. रिकामा डबा सकाळी आणून देते. वैद्य आजोबांकडे साडेदहाला जाणं बरं दिसेना, उद्या लवकर निघून येते.

वैद्यवहिनी ३०३: ये ग. बाबा म्हणालेत, मिसळणाचा डबा बघायला ये म्हणावं.

निखिल १०३: उद्या कोणाला चुरा पाव हवाय? मी कीर्तीवरून येणार आहे. मामलेदारवाल्यांनी पण सांगा.

नेहा ४०२: दोन. मिसळीचं मात्र मी मान्य केलेलं नाही.

प्रधानकाका ३०१: लिफ्ट आत्ता कुठल्या मजल्यावर आहे? बटणाला दिवा लागत नाही.

कुलकर्णीकाकू २०१: थांबा, बघते.

कुलकर्णीकाकू २०१: दुसऱ्यावरच होती, फटीत पिशवीचा बंद अडकला होता. काढला, खटका बसला. बोलवा आता.

प्रधानकाका ३०१: आली. आभारी.

नेहा ४०२: आजी, एक राहिलं. शुक्रवारी ऑफिसात जेवण आहे. माझा खाडा धरा.

देशपांडेआजी १०२: मांडला.