मदत हवी आहे: 1965 ची एमजीबी रेसिंगसाठी तयार करतोय, मूळ पत्रा शक्य तितका वाचवायचाय

नमस्कार मंडळी,

इथले गाड्यांवरचे धागे नेहमी वाचतो, पण स्वतः धागा पहिल्यांदाच काढतोय. पत्रा, कास्टिंग, लेथ आणि इंजिन यांत आयुष्य घालवलेली बरीच मंडळी इथे आहेत, म्हणून मुद्दाम इथेच विचारतोय. मी मूळचा कोल्हापूरचा. मामांचं उद्यमनगरात मशीन शॉप होतं, त्यामुळे बोअरिंग, ग्राइंडिंग, शेल बेअरिंग हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत. सध्या इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो.

गाडी आहे एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची बिनछपराची स्पोर्ट्स कार, 1965 ची, अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेली. 1798 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, पाच मेन बेअरिंगचा क्रँक (1964 च्या शरदापर्यंत तीनच असायची), एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, चार गिअर आणि पहिल्याला सिंक्रो (गिअर सहज पडण्याची सोय) नाही. कारखान्याने सांगितलेली ताकद 95 हॉर्सपॉवर. इंजिन आणि बॉडीचे नंबर कागदांशी जुळतात, आणि पुढचं अ‍ॅल्युमिनियमचं बॉनेटही मूळचंच आहे.

मला ती 1966 पूर्वीच्या गाड्यांच्या ऐतिहासिक रेसमध्ये उतरवायची आहे. या रेस एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांतल्या परिशिष्ट ‘के’ नुसार होतात. त्याचं मूळ तत्त्व असं की त्या काळात त्या मॉडेलवर जे अधिकृतपणे नोंदलेलं होतं तेच आज चालतं. दोन एसयूच्या जागी एक 45 मिमीचा वेबर कार्बोरेटर लावता येतो, कारण तेव्हाच्या रेसिंग एमजीबींवर तो होता. पुढचे जुन्या पद्धतीचे लिव्हर आर्म डँपर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) काढून आजचे टेलिस्कोपिक मात्र बसवता येत नाहीत. मला हा नियम मनापासून आवडतो. 1963 साली फ्रान्समध्ये ल मां च्या 24 तासांच्या रेसमध्ये पॅडी हॉपकर्क आणि अ‍ॅलन हचेसन यांनी एमजीबी बाराव्या क्रमांकावर आणली, आणि तीही सुरुवातीलाच वाळूत रुतलेली गाडी हचेसनने तासाभराहून जास्त वेळ खपून उकरून काढल्यावर. 1966 मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवरची 84 तासांची मॅरेथॉन तर एमजीबीने सरळ जिंकली. लोक ज्या गाडीतून ऑफिसला जात, तीच थोडी तयार करून हे सगळं केलेलं आहे. माझी गाडीही तशीच तयार व्हावी, आणि माझ्यानंतर कोणाला ती पुन्हा रस्त्यावरची गाडी करावीशी वाटली तर करता यावी, एवढीच इच्छा आहे.

आता अडचणी.

सगळ्यात मोठी अडचण पत्र्याची. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, मोनोकॉक आहे. छप्पर नसल्यामुळे रोडस्टरचा सगळा भार दोन्ही बाजूंच्या सिल्सवर येतो. सिल म्हणजे दरवाजाखालचा पेटीसारखा भाग. त्यात आतला पत्रा, मधला पडदा आणि बाहेरचा पत्रा असे तीन थर, आणि खाली कॅसल रेल, म्हणजे सिलच्या तळाची पत्र्याची पट्टी. बाहेरून माझी गाडी सुरेख दिसते. पण फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक सिलवरून फिरवत नेला तर मागच्या चाकाच्या वीतभर अलीकडे तो धरतच नाही. तिथे रंग खरवडला तर खाली जाड पुट्टी, आणि पुट्टीखाली जुन्या कुजलेल्या सिलवर वरून चढवलेला दुसरा सिल. आधीच्या कुठल्यातरी गॅरेजने जुनं न कापता वरून झाकण लावून दिलंय. पाणी निचऱ्याच्या भोकातून कॅमेरा घातला तर मधल्या पडद्याची अक्षरशः चाळण झालेली आहे. डावी बाजू जास्त वाईट, उजवी त्या मानाने बरी. फ्लोअर आणि पुढचे इनर विंग मात्र टणक आहेत, स्क्रू ड्रायव्हर जोर लावूनही आत जात नाही.

इथले रेसवाले सांगतात की नवी बॉडी घे आणि मोकळा हो. ब्रिटिश मोटर हेरिटेज 1988 पासून मूळ प्रेस टूल्सवर एमजीबीच्या नव्या बॉडी बनवते, त्या सरळ आणि निरोगी असतात हे खरं. पण मग माझ्याकडे जुन्या गाडीचा नंबर आणि नवी गाडी उरेल. जुनी बॉडी कुठल्यातरी कोपऱ्यात पडून संपून जाईल. हे मला नकोय. दोन्ही सिल, कॅसल रेल आणि डाव्या फ्लोअरची कड कापून नवं जोडलं तर बाकी बहुतेक गाडी मूळची राहते.

रोडस्टरचा सिल कापला की गाडी मधून वाकते आणि दरवाजाची मागची फट आवळून येते, हे सगळेच सांगतात. त्यामुळे दरवाजाच्या चौकटीत आडवा आणि तिरका असे चौकोनी पाइप वेल्ड करून घेणार आहे. विचारायचंय ते असं की गाडी सस्पेन्शनच्या जागांवर टेकवून, म्हणजे चाकांवर उभी असल्यासारख्या भारात, हे काम करावं, की रोटिसरीवर (बॉडी हवी तशी फिरवता येणाऱ्या सांगाड्यावर) घ्यावी? रोटिसरीवर वेल्डिंगला हात नीट पोचतो, पण बॉडी तिच्या खऱ्या भारात नसते. बॉडी शॉपमध्ये काम केलेल्यांनी कृपया सांगावं.

दुसरं रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पाइपांचा पिंजरा. एफआयएच्या मापांप्रमाणे मुख्य हूप (चालकामागची कमान) 45 मिमी व्यासाच्या, 2.5 मिमी जाडीच्या कोल्ड ड्रॉन सीमलेस पाइपचा हवा, आणि प्रत्येक पायाखाली किमान 120 चौरस सेंटिमीटरची, 3 मिमी जाड प्लेट हवी. गाडीचा पत्रा साधारण 1 मिमीचा, त्यात साठ वर्षांचा. बोल्टने बसणारा केज घेतला तर उद्या काढता येतो, वेल्ड केला तर बॉडी जास्त ताठ होते पण परतीचा रस्ता बंद. माझा कल बोल्टकडे आहे. मात्र 3 मिमीची प्लेट 1 मिमीच्या पत्र्यावर नुसती वेल्ड केली तर तिच्या कडेला पत्रा फाटेल, अशी भीती वाटते. प्लेटचा आकार कसा ठेवावा? कोपरे गोल करून, एक बाजू सिलवर चढवून एल आकारात वाकवावी का?

तिसरं इंजिन, आणि हे जास्त तातडीचं. मॅलोरी पार्क या रेस ट्रॅकवर पिटसमोरची सरळ संपली की जेरार्ड्स नावाचं लांबलचक उजवं वळण येतं, जवळजवळ अर्धं वर्तुळ. सरळीवर ऑइल प्रेशर 60 पीएसआयच्या वर. जेरार्ड्सच्या मध्यावर काटा घसरत 20 वर येतो, वळण संपलं की पुन्हा वर. संपमधलं (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं) सुमारे सव्वाचार लिटर ऑइल बाहेरच्या बाजूला चढतं आणि पिकअप (पंपाकडे ऑइल ओढणारी नळी) हवा ओढतो, हे उघड आहे. हंगाम संपल्यावर संप उतरवून बिग एंड (कनेक्टिंग रॉडची क्रँककडची बेअरिंग) उघडले. तिसऱ्याच्या वरच्या शेलवर राखाडी थर घासून खाली तांबं दिसायला लागलंय, नखाएवढ्या दोन पट्ट्या. क्रँक मायक्रोमीटरवर अजून स्टँडर्ड मापात आहे, ओरखडा नाही. म्हणजे वेळेत कळलं. आता संपमध्ये बॅफल (ऑइल अडवणारा पत्रा) बसवायचं आहे. नुसता आडवा पत्रा पुरेल, की बिजागरीची झडप असलेले कप्पे करावेत, ऑइल पिकअपकडे येईल पण परत जाणार नाही असे?

बोअर 40 थाऊने (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवणार आहे, म्हणजे साधारण 1845 सीसी. हेडला एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे कडक सीट बसवून घेतोय, कारण शिसंयुक्त पेट्रोल इथे 2000 सालापासून बंद आहे आणि मूळ बिडाच्या सीटमध्ये व्हॉल्व्ह रुतत जातो. तुमच्याकडे भारतात ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) वरून जी चर्चा चालू आहे तशी इथे 2021 मध्ये ई10 वरून झाली. मी ई5 च वापरतो, आणि पेट्रोलचे सगळे जुने रबरी पाइप बदलून टाकतोय.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

पुण्यात एका गाडी कंपनीच्या बॉडी शॉपमधून निवृत्त झालो, म्हणून पत्र्यापुरतं बोलतो. सिल होईपर्यंत रोटिसरीचं नाव काढू नका. गाडी पुढे क्रॉसमेंबरच्या जागी आणि मागे स्प्रिंगच्या हँगरखाली टेकवा, इंजिन बाहेर असलं तरी चालेल. लेव्हल लावून चारही जागा एका पातळीत आणा. कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण आणि फायरवॉलपासून मागच्या कमानीपर्यंतचे कर्ण मोजा आणि खडूने बॉडीवरच लिहा, वहीत लिहिलं की वही सापडत नाही. एका वेळी एकच बाजू. आधी बरी बाजू, म्हणजे उजवी, पूर्ण करा. ती भक्कम झाली की वाईट बाजू तिच्या आधाराने कापता येते. बरेच जण वाईट बाजूला आधी हात घालतात आणि गाडी पिळते.

दरवाजे चढवून बघितल्याशिवाय बाहेरचा सिल पक्का करू नका. क्लँपवर धरा, दरवाजा लावा, फट बघा, मग वेल्ड. मूळ स्पॉट होते तिथे 8 मिमीची भोकं पाडून प्लग वेल्ड करा. लांब सलग वेल्ड ओढलात तर पत्रा उष्णतेने ओढला जाणार.

केजच्या प्लेटबद्दल तुमचा विचार बरोबर आहे. एल आकार, कोपरे गोल, आणि प्लेटची कड सिलच्या आतल्या पत्र्याला जिथे फ्लोअर मिळतो त्या दुहेरी जाडीवर येऊ द्या. भार खाली कॅसल रेलमध्ये गेला पाहिजे.

प्रतिसाद २

झडपवाले कप्पे करा. नुसता आडवा पत्रा ब्रेक मारल्यावर पुढे धावणारं ऑइल थोडं थांबवतो, पण लांब वळणात उपयोग कमी. झडपेची बिजागरी सैल ठेवा आणि हाताने हलवून बघा, पत्रा रंगवला की ती अडकते. रंग नकोच तिथे.

आणखी एक. वळणात असताना गेजकडे बघायला सवड नसते. ऑइल गॅलरीत टी टाकून 40 पीएसआयचा प्रेशर स्विच बसवा आणि डॅशवर डोळ्यांसमोर मोठा लाल दिवा. गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं) असेल, एलईडी लावलात तर उलटा जोडावा लागेल. साधा बल्ब लावा. दिवा पेटला की पाय काढायचा, विचार करायचा नाही.

शेल सगळे बदला, फक्त तिसरा नाही. आणि रॉड बोल्टही नवे.

प्रतिसाद ३

धागा आवडला. पण एक प्रामाणिक शंका: रेसमध्ये गाडी ठोकली तर? जुना पत्रा वाचवायचा असेल तर तो गॅरेजमध्ये जपून ठेवावा आणि नव्या बॉडीवर रेस करावी, हे जास्त शहाणपणाचं नाही का?

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार.

काका, उजवी बाजू आधी, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. वाचल्यावर लगेच पटलं. इथले लोक म्हणतात वाईट बाजूला हात घाल, कारण तिचीच काळजी जास्त. कर्ण आज संध्याकाळी मोजले. दरवाजाच्या चौकटीत उजवीकडे 2 मिमीचा फरक, डावीकडे 6 मिमीचा. म्हणजे डावी बाजू आत्ताच खाली बसलेली आहे. सुदैवाने दरवाजाचे बिजागर आणि खांब सरळ आहेत. ब्रेस वेल्ड करण्याआधी जॅकने तो फरक काढून घ्यावा लागेल असं दिसतंय.

प्रेशर स्विचची कल्पना नक्की अमलात आणतो. माझी गाडी पॉझिटिव्ह अर्थच आहे, मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्याही तशाच आहेत. ती पद्धत बदलायची नाही असं ठरवलंय, त्यामुळे बल्बच. झडपांचे कप्पे पितळी पिनवर करतोय, पत्रा कापून झाला की फोटो टाकतो.

ठोकली तर काय, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की या गाड्या याच कामासाठी तयार व्हायच्या आणि ठोकल्यावर दुरुस्त होऊन पुन्हा पळायच्या. पुढची विंग, दरवाजा, व्हॅलन्स (बंपरखालचा पत्रा) हे सगळं बोल्टवर आहे आणि नवं मिळतं. रेसच्या दिवशी मूळ अ‍ॅल्युमिनियमचं बॉनेट काढून ठेवीन आणि दुसरं लावीन, एवढी काळजी घेणार. पण गाडी झाकून ठेवायची आणि तिच्या नावावर दुसरीच पळवायची, हे माझ्याच्याने होणार नाही. शिवाय इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे, ती गेल्या 30 वर्षांत मूलभूत फेरफार झालेले नसतील तरच. गाडी रेसला चालवत न्यायची आणि चालवत परत आणायची, हेही माझ्या मनात आहे. म्हणून जे करेन ते काढता येईल असंच करेन.

काका, एकच राहिलं. सिलचे तीन थर एकावर एक येतात तिथे जोडाच्या आत वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर मारायचा, की मोकळा पत्रा जोडून नंतर भोकातून मेण सोडायचं? प्रायमरने प्लग वेल्डमध्ये छिद्रं पडतात असं इथला वेल्डर म्हणतो. उजव्या बाजूचे पत्रे शनिवारी येतायत, त्याआधी ठरवायला हवं.