ब्रेकिंग बॅड : वॉल्टरने ग्रेचन-इलियटचे पैसे घ्यायला पाहिजे होते का? (शेवटापर्यंतचे सगळे स्पॉयलर आहेत)

बर्डीवाली :

परवा रात्री ब्रेकिंग बॅड दुसऱ्यांदा संपवलं, पाचही सीझन, ६२ एपिसोड. कॅन्सर झालेला केमिस्ट्रीचा मास्तर वॉल्टर घरासाठी म्हणून ड्रग्ज बनवायला लागतो ती अमेरिकन सिरीज. पहिल्यांदा कॉलेजात असताना होस्टेलवर पाहिलं होतं तेव्हा सगळ्यांसारखी मी पण हायझेनबर्ग हायझेनबर्ग (वॉल्टरचं धंद्यातलं नाव) करत होते, यावेळेस घरी आईसोबत पाहिलं. आईला इंग्रजी पटापट समजत नाही म्हणून मी मधेमधे पॉज करून सांगायचे, त्यामुळे असेल पण एकेक सीन नीट डोक्यात गेला.

माझा प्रश्न पहिल्या सीझनच्या पाचव्या एपिसोडचा आहे. वॉल्टरला फुफ्फुसाचा कॅन्सर, थर्ड स्टेज, ऑपरेशन होत नाही. घरचे सगळे बसून एक उशी हातोहात देतात, ज्याच्या हातात उशी त्याने बोलायचं. त्याच्याच आधी वॉल्टरच्या जुन्या मित्राच्या, इलियटच्या वाढदिवसाला जातात आणि इलियट त्याला आपल्या मोठ्या कंपनीत नोकरी देतो, चांगला इन्शुरन्स मिळेल म्हणतो, मग इलियटची बायको ग्रेचन पण फोन करते की सगळा खर्च आम्ही करतो. आणि हा काय करतो तर इन्शुरन्सचं जमलं असं खोटं सांगून फोन ठेवतो आणि सरळ ड्रग्जच्या धंद्यातल्या जोडीदाराच्या, जेसीच्या दारात जाऊन उभा राहतो. तिथे आईने मला पॉज करायला लावलं. म्हणाली, ह्याला पैसे नको आहेत असं नाही, ह्याला देणारा माणूस नको आहे.

मला ते लागलं कारण आमच्या घरी हे झालेलं आहे. २०१५ मध्ये बाबांना कॅन्सर निघाला, काका पुण्याहून चेक घेऊन आला, बाबांनी चेक परत त्याच्या खिशात घातला, आमचं भागतं म्हणाले. नंतर काटोलकडची दोन एकर संत्र्याची बाग विकली, तीही घाईघाईत, मग भाव काय मिळणार. बाबा आता बरे आहेत, देवाची कृपा. पण काका तेव्हापासून दिवाळीला येतो आणि रात्री मुक्कामाला थांबत नाही.

तर सांगा, वॉल्टरचा तो नकार स्वाभिमान होता की अहंकार? मला खरंच ठरवता येत नाही आहे.


मानेवाड्याचा_पोट्टा :

ताई तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं पण वॉल्टरची गोष्ट वेगळी आहे न. ते कंपनी कोणाची होती? नावच पहा न, इलियटचं आडनाव श्वार्ट्झ म्हणजे काळा, वॉल्टरचं व्हाइट म्हणजे पांढरा, दोघं मिळून ग्रे मॅटर. अर्धी कंपनी त्याच्या नावाची आहे अन् त्यानं आपला हिस्सा ५००० डॉलरमधे देऊन टाकला, पाचव्या सीझनमधे तो जेसीले सांगते की आता ते कंपनी २.१६ अब्जाची झाली अन् मी दर आठवड्याले तिचा भाव पाहतो. दर आठवड्याले! इतके वर्षं! सांगा आता, ज्याच्या घरी सारे लोकं महागाचे गिफ्ट घेऊन आले अन् तुम्ही नूडल्सचं पाकीट घेऊन गेले, त्याच्याकडूनच दवाखान्याचे पैसे घ्यायचे? मी तर नसते घेतले बा. चुकीचं केलं असंन त्यानं पुढे, जेसीच्या मैत्रिणीले, जेनले मरू दिलं ते तर मीबी माफ करत नाही, पण हा नकार मले आजबी बरोबर वाटते.


धंतोलीची_वाचक :

कंपनी त्याची होती हे कोण सांगतं? वॉल्टरच सांगतो ना. दुसऱ्या सीझनमध्ये हॉटेलात ग्रेचन समोर बसते तेव्हा ती म्हणते की तूच मला सोडून गेलास, माझ्या माहेरी सगळे होते, तू न सांगता सामान भरून निघून गेलास. त्याच्यावर त्याच्याकडे उत्तर नाही, नुसती शिवी आहे. म्हणजे आपण इतके एपिसोड त्याच्या बाजूने बसून ऐकतो आणि दुसरी बाजू आली की दोन मिनिटांत विसरतो.

आणि मला ह्याच्याहून जास्त बोलायचं आहे ते वॉल्टरच्या बायकोबद्दल, स्कायलरबद्दल, कारण कुठेही ह्या सिरीजचा विषय निघाला की दहातले सहा जण तिलाच शिव्या देतात. तिने काय केलं? तिने नवऱ्याचा आजार त्याच्या मित्रांना सांगितला, एवढंच. आपल्याकडे नवरा आजारी पडला तर बायको कोणाकोणाकडे पदर पसरते ते पाहिलं नाही का कोणी? बिचारी गरोदर आहे, मोठ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, नवरा रात्र रात्र गायब, दोन दोन फोन, आणि विचारलं की खोटं. तरी तीच वाईट. अॅना गनला त्या भूमिकेसाठी २०१३ आणि २०१४ अशी दोन वर्षं टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला आणि त्याच २०१३ मध्ये तिला न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहावा लागला की लोक माझ्या पात्राचा इतका द्वेष का करतात. तिला स्वतःलाच लोक शिव्या द्यायला लागले होते. मला ते वाचून खूप वाईट वाटलं होतं.

माझं मत विचाराल तर तो अहंकार. कारण स्वाभिमानी माणूस बायकोशी खोटं बोलत नाही. ह्याने तर पैसे नाकारले आणि घरी सांगितलं की त्यांनीच दिले. दोन्हीकडून श्रेय त्यांचंच आणि दोन्हीकडून खोटं.


मानेवाड्याचा_पोट्टा :

हे शेवटचं मी विसरलोच होतो, की घरी ग्रेचन-इलियटचंच नाव सांगते तो. हाव, ते नाही पटत. पण स्कायलरनं तिच्या साहेबाले, टेडले पैसे दिले न, सहा लाखाच्या वर डॉलर, नवऱ्याले न विचारता, ते? ते कळल्यावर वॉल्टर क्रॉल स्पेसमधे घराखाली पडून हासते, मले तो सीन पाहून झोप नाही आली होती.


धंतोलीची_वाचक :

दिले, कारण टेडच्या टॅक्सची चौकशी लागली तर तिने सांभाळलेले हिशोब उघडे पडणार आणि मग ड्रग्जचा पैसा पांढरा करायला घेतलेला वॉल्टरचा कार वॉश पण त्यात येणार. म्हणजे तिथे पण ती नवऱ्यालाच वाचवत होती. तुम्ही पुन्हा पहा तो भाग.


रसायनाचे_सर :

मी बावीस वर्षं ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतोय, सकाळी कॉलेज, संध्याकाळी ट्यूशनच्या तीन बॅच, म्हणून थोडं लांबलं तर समजून घ्या.

पहिल्याच एपिसोडमध्ये वर्गात तो बर्नरच्या ज्योतीवर फवारा मारून रंग बदलून दाखवतो आणि सांगतो की केमिस्ट्री म्हणजे बदलाचा अभ्यास. किती जीव ओतून सांगतो तो! आणि मागच्या बाकावर पोरगा पोरीशी गप्पा मारतोय. संध्याकाळी वॉल्टर कार वॉशमध्ये वाकून टायर घासतोय आणि ती चकचकीत गाडी त्याच पोराची निघते, आणि ती पोरगी फोनवर हसत कोणाला तरी हे सांगते. मी हा सीन पाहिला आणि टीव्ही बंद करून बाहेर गॅलरीत जाऊन बसलो होतो. मला कोणी गाडी धुवायला लावलेली नाही, पण ट्यूशनच्या फीसाठी एखाद्या पालकाला तिसऱ्यांदा फोन करावा लागतो तेव्हा घशात जे अडकतं ते मला माहीत आहे.

त्याच्या घरात भिंतीवर १९८५ ची एक पाटी आहे, नोबेल मिळालेल्या संशोधनात ह्याचाही वाटा होता अशी. कॅमेरा तिच्यावरून हळूच जातो. माझ्या मते वॉल्टरची सगळी कथा त्या पाटीत आहे. त्याला पैशाचं दुःख नाही, आपण विसरले गेलो ह्याचं आहे. म्हणून तर शेवटाकडे बारमध्ये टीव्हीवर इलियट आणि ग्रेचन म्हणतात की कंपनीत वॉल्टरचं योगदान म्हणजे नावापुरतं, तेव्हा तो माणूस, जो पाच मिनिटांपूर्वी पोलिसांना फोन करून स्वतःला अटक करून घ्यायला बसला होता, तो उठून निघून जातो.

पण ह्या समजून घेण्यावर मी त्याला सोडून देणार नाही. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला तो हिशोब करतो, मुलांचं शिक्षण, घराचं कर्ज, सगळं धरून ७,३७,००० डॉलर. एवढे झाले की बंद. झाले की! कितीतरी वेळा झाले. पाचव्यात स्कायलर त्याला गोदामात नेऊन नोटांचा ढीग दाखवते आणि विचारते की किती मोठा झाला म्हणजे पुरे, तेव्हा तो गप्प. घरासाठी करणारा माणूस आकडा पूर्ण झाल्यावर थांबतो.

विद्यार्थी विचारतात म्हणून जाता जाता सांगतो. वॉल्टर बनवतो तो माल, म्हणजे मेथ नावाचं ड्रग, इतका शुद्ध की निळा झाला, हे मालिकेपुरतं आहे, शुद्ध असेल तर त्याला रंग नसतो. आणि प्रेतावर ओतलेल्या अॅसिडने बाथटब विरघळून छत कोसळतं तो भाग बघायला जबरदस्त आहे पण असं इतक्या पटकन होत नाही. प्लास्टिकचा ड्रम आण म्हणून वॉल्टर बजावतो आणि जेसी ऐकत नाही, हे मात्र माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचला तंतोतंत लागू आहे.


बर्डीवाली :

सर, पाटीचं मी दोन्ही वेळा पाहूनही लक्षात घेतलं नव्हतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली तुझ्या बाबांची पण एक पाटी आहे, कृषी प्रदर्शनात संत्र्याला पहिला नंबर आला होता ती, बाग विकली तरी कपाटावर आहे. मला माहीतच नव्हतं की आई त्या दोन गोष्टी जोडून बघते.


उमरेड_रोड :

मी इथे नेहमी वाचतो फक्त, आज लिहितोच. तुम्ही सगळे नकारावर बोलून राहिले पण पैसा शेवटी कसा पोचला ते पहा न.

वॉल्टरकडे शेवटी सात ड्रम भरून नोटा, आठ कोटी डॉलर म्हणतो तो, जॅक नावाचा गुंड अन् त्याची माणसं सहा घेऊन जातात, एक सोडतात. तो एक ड्रम घेऊन हा न्यू हॅम्पशायरच्या बर्फात लपतो, खर्चायला जागा नाही, पत्ते खेळायला थांब म्हणून एका माणसाला दहा हजार डॉलर देतो. मग पोराला एका खोक्यात १ लाख पाठवायचे म्हणून शाळेत फोन करतो, मावशी बोलतेय असं सांगून पोराला फोनवर बोलवून घेतात, अन् पोरगा काय म्हणतो? तू अजून जिवंत काऊन आहेस, मर एकदाचा. पैसे नको. म्हणजे बापानं जे पहिल्या सीझनमधे केलं तेच पोरानं पाचव्यात केलं, फरक इतकाच की पोराजवळ खरं कारण होतं, त्याचा हँक काका, म्हणजे मावशीचा नवरा, मेला होता.

अन् मग वॉल्टर कुठं जातो? ग्रेचन-इलियटच्याच घरी! टेबलावर ९७ लाख २० हजार डॉलर ठेवतो अन् सांगतो की माझ्या पोराला अठरा वर्षं झाले की हे तुमच्या नावानं द्या, तुम्ही दान देऊन राहिले असं दाखवा. बाहेरून लेझर पॉइंटरचे लाल ठिपके त्यांच्या छातीवर, की दिले नाही तर मारणारे बसले आहेत. ते पण खोटं, बॅजर अन् स्किनी पीट लेझर घेऊन उभे.

पहिल्या सीझनमधे ग्रेचन हात जोडल्यासारखं म्हणत होती घे रे घे. तेव्हा घेतले असते तर हँक जिवंत, जेसी जिवंतपणी पिंजऱ्यात नाही, तो मोटरसायकलवाला लहान पोरगा जिवंत, धडकलेल्या विमानांतले लोक जिवंत. अन् शेवटी पोराच्या हातात पैसे जाणार ते ग्रेचन-इलियटच्याच नावानं. मधे पण तेच झालं, हँकच्या फिजिओचे १ लाख ७७ हजार वॉल्टरनं भरले अन् स्कायलरनं सांगितलं जुगारात जिंकले. त्याच्या हातून त्याच्या नावानं कोणालाच एक रुपया देता आला नाही. मी तीनदा पाहिली ही सिरीज, प्रत्येक वेळी फेलिनाच्या, म्हणजे शेवटच्या एपिसोडच्या, त्या सीनला रडू येतं, गोळीबाराला नाही येत.


धंतोलीची_वाचक :

हे इतकं नीट मी कधी मांडू शकले नसते. फक्त एक भर घालते. फेलिनामध्ये तो स्कायलरला शेवटचं भेटतो तेव्हा ती त्याला तोडते की पुन्हा घरासाठी केलं म्हणू नकोस, आणि तो म्हणतो, मी स्वतःसाठी केलं, मला आवडत होतं. पूर्ण सिरीजमध्ये तिला मिळालेलं पहिलं खरं वाक्य ते आहे, आणि त्यासाठी तिला दोन वर्षं आणि बहिणीचा नवरा गमवावा लागला.


मानेवाड्याचा_पोट्टा :

उमरेडवाले भाऊ, मी आपलं पहिलं बोलणं अर्धं मागे घेतो. नकार मले अजूनही समजते, मले वाटते मीबी तसाच वागलो असतो, पण पैसा त्याइच्याच नावानं गेला हे मी कधी जोडूनच नव्हतं पाहिलं. जेसीचं मात्र कोणी काही बोलून नाही राह्यलं. त्याच्याजवळबी पैसा होता न, त्यानं तर रात्री गाडीतून लोकांच्या घरासमोर नोटांचे गठ्ठे फेकले. त्याले तो पैसा अंगाले चिकटल्यासारखा वाटत होता. अॅरन पॉलले उगाच तीन एमी नाही भेटले.


रसायनाचे_सर :

अगदी बरोबर. आणि ह्याच जेसीला पहिल्या सीझनच्या शेवटी मारून टाकायचं सिरीज बनवणाऱ्या विन्स गिलिगनने मुळात ठरवलं होतं! अॅरन पॉलचं काम पाहून विचार बदलला. तो नसता तर वॉल्टरला आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहिलं असतं?


बर्डीवाली :

उमरेड रोडवाल्या दादांची पोस्ट मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते, मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. वाचून झाल्यावर आतून आवाज आला की तो पोराच्या फोनचा भाग कोणता, तो लाव एकदा मला. बाबांनी आजवर ह्या सिरीजचा एक मिनिट पण पाहिलेला नाही. उद्या रात्री जेवणं झाल्यावर तोच एपिसोड, ग्रॅनाइट स्टेट, लावणार आहे.


उमरेड_रोड :

ताई, एकदम तो नका लावू, काही समजणार नाही त्यांना. आधी त्याच्या आधीचा एपिसोड, ओझीमंडियास लावा, हँकचं अन् घरातल्या चाकूचं पाहिल्याशिवाय पोरगा इतका काऊन चिडला ते कळत नाही. अन् त्याच्याही आधी तो पहिल्या सीझनचा पाचवा, उशीवाला. तीन रात्री लागतील पण तसंच लावा.