‘इलेक्ट्रॉन व्होल्ट’ हे नाव बदलायला हवे का?

मंथन (धागाकर्ता): व्होल्ट हे विभवांतराचे (दोन बिंदूंमधील विद्युतदाबाच्या फरकाचे) एकक आहे आणि ज्यूल हे ऊर्जेचे. एक कूलोम (विद्युत प्रभाराचे एकक) प्रभार एक व्होल्ट विभवांतरातून नेताना होणारे कार्य म्हणजे एक ज्यूल, इतके हे नाते स्वच्छ आहे. असे असताना ‘इलेक्ट्रॉन व्होल्ट’ या ऊर्जेच्याच एका एककाच्या नावात ‘व्होल्ट’ बसवल्यामुळे विद्यार्थी दोन्ही राशी एकच समजू लागतात, असे माझे मत आहे. शिवाय न्यूट्रॉनवर मुळात प्रभारच नसतो, कोणतेही विभवांतर त्याला वेग देऊ शकत नाही. तरी औष्णिक (सभोवतालच्या तापमानाशी जुळलेल्या, मंद) न्यूट्रॉनची ऊर्जा आपण ०.०२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट अशीच सांगतो. सरळ ज्यूल वापरावा.

ठिणगी: असहमत. त्या नावात गुणाकार उघडपणे लिहिलेला आहे: इलेक्ट्रॉनचा प्रभार गुणिले एक व्होल्ट. २०१९ पासून मूलभूत प्रभाराचे (म्हणजे इलेक्ट्रॉनवरील प्रभाराच्या परिमाणाचे) मूल्य व्याख्येनेच ठरलेले असल्यामुळे हे एकक ज्यूलमध्येही नेमके सांगता येते: १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात. अणूच्या पातळीवर प्रत्येक वेळी असे घात लिहीत बसणे ही निव्वळ शिक्षा आहे. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, हे एकदा ऐकले की लक्षात राहते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे नाते मोजून पाहता येते. रोध जोडलेल्या लाल एलईडीचा विद्युतदाब हळूहळू वाढवत न्या. एलईडीच्या दोन टोकांना मल्टिमीटर साधारण १.८ ते २ व्होल्ट दाखवू लागला की ती नीट उजळते, आणि लाल प्रकाशाच्या एका फोटॉनची (प्रकाशकणाची) ऊर्जाही २ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासच असते. निळ्या एलईडीला ३ व्होल्टच्या जवळ जावे लागते, कारण निळा फोटॉन अधिक ऊर्जेचा असतो. ज्यूलमध्ये लिहिले असते, तर हे साम्य डोळ्यांना दिसलेच नसते.

मंथन: एलईडीचे उदाहरण चांगले आहे, परंतु ते नेमके माझ्याच बाजूचे आहे. तेथे आकडे जुळतात ते प्रत्येक फोटॉनमागे एकच इलेक्ट्रॉन खर्ची पडतो म्हणून. अल्फा कण १,००० व्होल्टमधून गेला, तर त्याला २,००० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते, कारण त्याचा प्रभार इलेक्ट्रॉनच्या दुप्पट असतो. आकडा पाहून विभवांतर ओळखायची सवय लागलेला विद्यार्थी येथे हमखास फसतो. लार्ज हॅड्रॉन कोलायडर या वर्तुळाकार कणत्वरकामध्ये प्रोटॉन ६.८ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पोहोचतो, म्हणून तेथे कोणी ६.८ लाख कोटी व्होल्ट जोडलेले नाहीत. तो लाखो फेऱ्यांमध्ये थोडीथोडी ऊर्जा घेतो.

काटेकोर: दोघांनीही एककावर राग वा लोभ धरण्यापेक्षा, प्रभार गाळून बोलण्याच्या सवयीकडे पाहावे. प्रयोगशाळेत ‘पाच केव्हीचा (किलोव्होल्टचा) किरण’ असे सर्रास म्हटले जाते, आणि ते विभवांतर आहे की ऊर्जा, हे ऐकणाऱ्याने ताडायचे असते. उलट्या बाजूची चूक पॉवर बँकेवर छापलेली असते: १०,००० मिलिअँपिअर-तास हा निव्वळ प्रभार आहे. आतल्या घटाच्या ३.७ व्होल्टने गुणल्यावर ३७ वॉट-तास ऊर्जा मिळते, आणि तीच ऊर्जा ५ व्होल्टने बाहेर काढली तर ऱ्हास न धरताही ७,४०० मिलिअँपिअर-तासच हाती येतात. लोक मग कंपनीने फसवले म्हणतात.

मंथन: ‘केव्ही’बद्दल मान्य. नाव बदलण्याचा आग्रह मी सोडतो, पण उत्तरपत्रिकेत ऊर्जेपुढे नुसते ‘व्होल्ट’ लिहिणाऱ्याचा गुण मात्र कापणार.