मदत हवी आहे : जुन्या वॉल्व्ह अ‍ॅम्पची घूं-घूं जात नाही

तारतुटली : काकांच्या ऑर्केस्ट्रातला वॉल्व्ह अ‍ॅम्प (काचेच्या वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर) माळ्यावरून काढलाय, गिटारसाठी. सतत घूंऽऽ. कंडेन्सर बदलला तरी तेच. शनिवारी कार्यक्रम आहे, पटकन सांगा.

जुनासोल्डर : वॉल्व्ह कोणते? किती कंडेन्सर बदलले? व्हॉल्यूम शून्यावर नेला तर?

तारतुटली : ईएल८४ दोन, पुढे ईसीसी८३. कंडेन्सरचा मोठा डबा बदलला म्हटलं ना. शून्यावरही तेवढीच.

जुनासोल्डर : मग गिटार आणि लीड निर्दोष. अ‍ॅम्पचा पॉवर सप्लाय बघा.

नवीपेठकर : ट्रान्झिस्टरचा घ्या, मोकळे व्हा.

जुनासोल्डर : त्यांनी दुरुस्ती विचारलीय हो.

मागवाला : शेजारी लूम (यंत्रमाग) आहेत का? आमच्याकडे लूम चालू झाले की रेडिओपण गुणगुणतो. रात्री वाजवून बघा.

जुनासोल्डर : जुन्या डब्याच्या बुडाला टोकं किती होती?

तारतुटली : तीन. नव्याला पायच दोन, म्हणून उरलेली वायर टेप मारून ठेवलीय.

जुनासोल्डर : सापडलं! त्या एका डब्यात दोन कंडेन्सर होते, निगेटिव्ह सामाईक. दुसरा बहुतेक ईसीसी८३च्या सप्लायचा. तो बसवा, ४५० व्होल्टचा.

तारतुटली : बरं. टू-पिन उलटी लावली की घूं कमी होते, तीच ठेवू का? गिटारच्या तारांना हात लावला की मुंग्या येतात, ते जुन्याला असतंच.

जुनासोल्डर : अहो, हे आधी सांगायचं! प्लग काढा आत्ता. मेन लाइनवरून चॅसीला (अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला) छोटा कंडेन्सर असेल, तो काढून टाका. थ्री-पिन कॉर्ड, अर्थ थेट चॅसीला. एक हात तारांवर आणि ओठ माइकला लागले तर नुसत्या मुंग्यांवर भागणार नाही.

गड्डारिदम : उगाच घाबरवू नका. आम्ही सोलापूरच्या गड्डा जत्रेत वीस वर्षं टू-पिनवरच वाजवलं. अर्थ दिला की उलट घूं वाढते.

जुनासोल्डर : वाढली तर तो वायरिंगचा दोष, अर्थचा नाही. वीस वर्षं वाचलात, एवढंच.

तारतुटली : आता उघडू का मग?

जुनासोल्डर : बंद केल्यावरही आत तीनशेच्या आसपास व्होल्ट साठलेले असतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर कंडेन्सरच्या टोकांना लावून उतरवा, मीटरवर शून्य दिसल्याशिवाय बोट घालू नका. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायचं नाही. घरच्या सॉकेटला अर्थ आहे का, ते वायरमनकडून बघून घ्या.

तारतुटली : वायरमन उद्या येतोय. दुसरा कंडेन्सर किती मायक्रोफॅरडचा?

जुनासोल्डर : जुन्या डब्यावर छापलंय. फेकला नाहीत ना?

तारतुटली : भंगारवाल्याला दिला.

मागवाला : काकांच्या ऑर्केस्ट्रातलं अ‍ॅकॉर्डियन आहे का अजून? विकायचं असेल तर सांगा.